उजव्या बाजूचा पीळ

मला मिशी नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही गेल्या तीन आठवड्यांत मी मिशीपायी जेवढा जीव आटवलाय, तेवढा एखाद्या मिशाळ माणसाने जन्मभरात आटवला नसेल. मिशी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. डोक्याला ताप माझ्या.

नाना शाळेत कवायतीचे मास्तर होते. शाळा आमच्याच गल्लीच्या टोकाला. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी नानांच्या शिट्टीवर डावा-उजवा पाय टाकलाय आणि चुकीचा पाय टाकल्याबद्दल मैदानाला फेऱ्याही मारल्यात. पोरं त्यांना पाठीमागे मिशीसर म्हणायची. ती मिशी होतीच तशी. भरघोस, आणि दोन्ही टोकं पीळ देऊन वर वळवलेली. रोज सकाळी नाना बाथरूमचं दार लावून घेत आणि बाहेर येत ते मिशी तयार करूनच. आत नेमकं काय चालायचं, त्याचा आईलासुद्धा त्यांनी कधी ताकास तूर लागू दिला नाही. आई गेली, नाना निवृत्त झाले, पण बाथरूमचं दार सकाळी लागायचं ते लागायचंच.

मग नानांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन ते घरात हिंडतात. पण उजवा हात छातीच्या वर जाईना, बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं आणि चेहऱ्याची उजवी बाजू खाली उतरली. तिच्यासोबत मिशीचं उजवं टोकही उतरलं. डावीकडे मिशीसर आणि उजवीकडे कुणीतरी दमलेला म्हातारा, असं ते तोंड दिसायला लागलं.

सुरुवातीला फिजिओबाई घरी यायच्या. नंतर त्या म्हणाल्या, आता यांना केंद्रात आणा, हातासाठी लागणारी साधनं तिथे आहेत. डॉक्टरांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं की हात परत यायचा असेल तर तो आत्ताच येईल, हे महिने हातचे गेले की मग जेवढं आलं तेवढ्यावर भागवायचं. केंद्र काही लांब नाही. गल्ली संपली की उजवीकडे. पण गल्ली संपते तिथे शाळा आहे आणि शाळेच्या फाटकावरून गेल्याशिवाय केंद्रात जाता येत नाही.

नाना जायला तयार होईनात. पहिल्या वेळी मला वाटलं दमले असतील. दुसऱ्या वेळी मी चपला पायात चढवल्या, काठी हातात दिली, दार उघडलं, आणि ते उंबऱ्यातच थांबले. डाव्या हाताने ओठाकडे बोट दाखवून म्हणाले, "मिशी."

"मिशीचं काय?"

"अशी... नाही."

म्हणजे अशी मिशी घेऊन बाहेर जाणार नाही. संपलं. खुर्चीत जाऊन बसले. फिजिओबाईंनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं, "ताई, सोमवारी अकराला शेवटची वेळ देते. नाही आलात तर ती जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल. लोक थांबलेत हो."

आता सांगा, माणसाचा हात जातोय आणि हा माणूस मिशी घेऊन बसलाय. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. मी चिडले, ओरडले, रडूनही पाहिलं. आत्या, म्हणजे नानांची धाकटी बहीण, तिने तर स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. तू त्याला सरळ करायच्या भानगडीत पडू नकोस. त्याची मिशी सरळ कर."

"आत्या, मला काय येतंय त्यातलं?"

"आणि मला येतंय? मला मिशा असत्या तर तू मला काका म्हटलं असतंस."

मग मी कामाला लागले. नानांच्या कपाटात त्यांची जुनी पत्र्याची डबी सापडली. तळाला मेणाचा पुसट लेप तेवढा शिल्लक होता. ज्या अत्तरवाल्याकडून ती यायची त्याचं दुकान कधीच बंद झालंय. मी ती डबी घेऊन कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे गेले. त्याने डबी हुंगली, नखाने तळ खरवडला आणि विचारलं, "सरांची ना?" तोही नानांच्याच हाताखालून गेलेला.

"मी येतो की घरी. पाच मिनिटांत बसवून देतो," तो म्हणाला.

मला हायसं वाटलं. घरी येऊन नानांना सांगितलं, तर त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "पोरगा... नको." त्यांचा पोरगा, म्हणजे विद्यार्थी, पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला. पण त्याने हे तोंड बघायचं नाही.

तेव्हा सलूनवाल्याकडून नुसतं मेण आणलं. मऊ, छान वासाचं, बोटाला लोण्यासारखं लागणारं. मी नानांना खिडकीपाशी बसवलं, कंगव्याने मिशी मधून दोन्हीकडे विंचरली, मेण लावलं, टोकांना पीळ दिला. डावं टोक झकास उभं राहिलं. उजवंही राहिलं. मी आरसा आणायला आत गेले आणि परत येईपर्यंत उजवं टोक खाली बसलं होतं. पुन्हा केलं. पुन्हा बसलं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मला कारण कळलं. नानांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून जरा जरा लाळ येते. त्यांना ती आवरत नाही. केस ओले होतात आणि ओल्या केसाला मेण धरत नाही.

कारण कळलं म्हणून माझा राग कमी झाला असं नाही. उलट वाढला. लाळेवर कुणावर रागवायचं?

परदेशातल्या भावाला हे कळताच त्याने तिकडून पेटी पाठवली. भाऊ स्वतः दाढी-मिशी सफाचट ठेवणारा, पण फोनवर मला अर्धा तास मिशीचं शास्त्र शिकवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पेटीत तीन डब्या होत्या, मऊ, मध्यम आणि कडक, सोबत लाकडी फणी आणि घडीचा कागद. कागदावर लिहिलं होतं की कडक मेण नखाच्या पाठीने थोडंसं खरवडून घ्या, अंगठा आणि बोटात चोळून पूर्ण मऊ करा, मगच केसांना मधून टोकाकडे लावा. घाई करू नका.

मी तो कागद चुरगळून टाकला. कारण मी कवळ्या करते. वीस वर्षं. दातांच्या दवाखान्यांतून आलेल्या साच्यांवर मी आधी मेणाची हिरडी उभी करते, तिच्यात एकेक दात बसवते, डावं-उजवं केसभरही चुकू देत नाही, आणि मग त्याची पक्की कवळी होते. माझ्या टेबलावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्पिरिटचा दिवा जळतो. मेण कसं वितळतं, कधी धरतं, कधी दगा देतं, हे मला एका डबीच्या कागदाने शिकवावं? नखाने खरवडा म्हणे!

मी कडक मेण सुरीच्या टोकावर घेऊन लावलं तर त्याचे पांढरे कण मिशीत राहिले. नाना पीठ सांडल्यासारखे दिसायला लागले. आत्या हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी आरसा पालथा घातला.

शनिवारी मी कामावर बसले होते. समोर कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा, हातात गुलाबी मेणाची पट्टी, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! आमच्याकडे एक चिकट मेण असतं. तुटलेली कवळी जुळवताना दोन तुकडे धरून ठेवायला ते वापरतात. थंड झालं की दगड. पाणी त्याचं काही बिघडवू शकत नाही, लाळ तर नाहीच नाही. मी त्याचा एक तुकडा घेतला, त्यात थोडं साधं मेण मिसळलं, रंगासाठी काजळीचा कण घातला आणि डबीत ओतलं. इतकं सुबक काम झालं की मीच माझ्यावर खूश झाले.

रविवारी सकाळी नानांना खिडकीपाशी बसवलं. उजवा कोपरा कापसाने कोरडा केला. दिवा पेटवला. डावीकडून सुरुवात केली. सुरीच्या टोकावर थेंब वितळवून आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिला, मग मिशीला. नानांनी "अं" करून डोकं मागे घेतलं.

"जास्त गरम आहे?"

त्यांनी मान डोलावली. मी जरा निववून लावला. डावं टोक वळवलं. उत्तम. मग उजवीकडे आले. उजवीकडे केस पूर्ण कोरडे नव्हतेच, मेण आत शिरायला ते पातळ हवं, म्हणून मी थेंब जरा जास्त तापवला. मनगटावर काही पाहिला नाही, हात बसला होता. नाना आता अगदी शांत बसले होते. मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी माझ्या हातावर यांचा विश्वास बसला. मी आणखी एक थेंब घेतला. मग आणखी एक, मुळाशी, अगदी ओठाच्या कडेला.

आणि मिशी उभी राहिली. दोन्ही टोकं सारखी, एका रेषेत. मी मोजपट्टी लावूनसुद्धा पाहिली. आत्या हात पुसत बाहेर आली, कौतुकाने बघायला वाकली, आणि तिचा चेहरा बदलला.

"अगं, ओठाला काय केलंस त्याच्या?"

उजव्या कोपऱ्याशी, केसांच्या खाली, कातडी लालभडक झाली होती आणि तिच्यावर डाळीएवढा फोड आला होता.

"नाना! सांगितलं का नाहीत? भाजलं तर ओरडायचं ना!"

नानांनी डावा हात उचलला, ओठ चाचपला, बोटाला फोड लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सहन केला असता.

"कळलं नाही," ते म्हणाले.

झटक्यानंतर इतक्या दिवसांत ते असं न अडखळता बोलले नव्हते. आपल्या अर्ध्या चेहऱ्याला काही कळत नाही, हे आजपर्यंत त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही ते आत्ताच कळलं.

उरलेला दिवस ते मेण काढण्यात गेला. ते निघेना. माझ्याच हाताने केलेलं, दगड झालेलं. तेल लावलं, कोमट पाण्याचा कपडा धरला, फणीने एकेक कण सोडवला. उजवीकडचे बरेच केस त्याच्याबरोबर आले, थोडे कात्रीने कापावे लागले. आत्या फोडाला मलम लावत होती आणि मला ऐकवत होती. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पोरं-बाळं, म्हातारी-कोतारी सगळी डबीवरचं वाचून करतात. तुला मात्र दिवा पाहिजे!"

संध्याकाळपर्यंत मिशी मोकळी झाली, उजवीकडे विरळ आणि मरगळलेली. आधी निदान भरघोस तरी होती.

सोमवारी सकाळी मी काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. दहा वाजले तेव्हा नाना खुर्चीत, भिंतीकडे बघत. कपडे आत्याने घालून दिले होते. मी म्हटलं, "नाना, चला. तोंडावर रुमाल धरा हवं तर."

"नाही."

"मफलर गुंडाळते."

"नाही."

मग मात्र माझा तोल गेला. तीन आठवड्यांचं सगळंच बाहेर आलं. "मग काय करू मी? सांगा ना! सलूनवाला नको, मऊ नको, कडक नको, मी केलं तर भाजतं! हात जाईल नाना, कळतंय का? मिशी राहील आणि हात जाईल! ही घ्या तुमची डबी, आणि तुमचं तुम्ही करा!"

भावाची कडक मेणाची डबी मी त्यांच्या मांडीवर टाकली. टाकली म्हणजे फेकलीच. फणी खाली पडली. मी ती उचललीही नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागले. आत्या म्हणाली, "मी बघू का जाऊन?" मी म्हटलं, "खबरदार." ती बसून राहिली.

बाहेरून आवाज येत नव्हता. मग डबीचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग काठीचा एक ठोका, दुसरा, आणि बाथरूमचं दार लागलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. नळ चालूच होता. मी तो बंद केला. झटका आल्यापासून ते दार नानांनी स्वतः लावलं नव्हतं. आत पडले तर, या विचाराने मी दारापाशी गेले आणि तिथेच उभी राहिले. आतून धापा ऐकू येत होत्या. एकदा डबी फरशीवर पडली. एकदा नाना स्वतःलाच काहीतरी म्हणाले, मास्तरांच्या आवाजात, पण शब्द कळले नाहीत. मी कडीकडे हात नेला आणि आत्याने तो धरला.

अकराला पाव तास राहिला असताना दार उघडलं.

मेण नाकाला लागलं होतं. गालाला लागलं होतं. सदऱ्याच्या पुढच्या बाजूवर पांढरे कण पडले होते. डावं टोक तिरकं, कानाकडे निघालेलं. उजवं टोक, त्या विरळ, कापलेल्या केसांचं, ओठाच्या कोपऱ्यापासून जेमतेम वर उचललेलं, बारीक, शेपटीसारखं. पण उचललेलं. फोडाला त्यांनी हात लावला नव्हता. कोपरा पुसून कोरडा केला होता, त्यासाठी टॉवेल खांद्यावर टाकला होता, तो तसाच होता. आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, ज्यांना साधा चमचासुद्धा धरता येत नव्हता, मेणाने चकचकत होती. चोळून चोळून त्यांनी तिथेच मेण मऊ केलं होतं. डाव्या हाताने दाबून धरून केलं असेल. कसं केलं ते देव जाणे. दार बंद होतं.

आता मी काय करावं? मी कवळ्या करणारी बाई. दोन बाजू सारख्या नसल्या की माझ्या बोटांना चैन पडत नाही. डावं टोक थोडं खाली घेतलं असतं, उजवं थोडं वर ढकललं असतं, नाकावरचं पुसलं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात खाली," नाना म्हणाले.

जीभ अडखळली नाही. मैदानावर तीनशे पोरांना म्हणायचे तसं म्हणाले. माझा हात खाली आला.

आम्ही निघालो. जिना उतरायला वेळ लागला. गल्लीत ऊन होतं. मी सारखी बाजूने बघत होते की उजवं टोक टिकतंय का. सलूनवाल्याने दुकानातून पाहिलं आणि हातातली कात्री तशीच धरून दारात आला. नाना त्याच्याकडे न बघता पुढे गेले, नजर समोर.

शाळेच्या फाटकाशी मी चाल वाढवायचा प्रयत्न केला. नाना थांबले. शिपाई स्टुलावर बसला होता. मान वर करून त्याने पाहिलं आणि ताडकन उठला.

"नमस्कार सर! किती दिवसांनी!"

नानांनी काठी माझ्या हातात दिली. मला वाटलं, ते डावा हात वर करतील. पण त्यांनी उजवा उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला, नेहमीसारखा. थरथरला. शिपाई तसाच उभा होता. नाना दातओठ खात होते, मला दिसत होतं. हात आणखी वर आला, गळ्यापाशी, हनुवटीपाशी, आणि मेणाने माखलेली ती दोन बोटं उजव्या टोकाला पोचली. मिशीवर ताव मारला नानांनी.

त्याबरोबर होता तोही पीळ मोडला. टोक खाली लोंबायला लागलं.

"चल," नाना म्हणाले.

माझी बोटं शिवशिवत होती. एका हातात त्यांची काठी होती. दुसरा हात मी पर्सच्या पट्ट्यात गुंडाळला, चांगला घट्ट, आणि केंद्राचं दार येईपर्यंत सोडवला नाही.